जुन्या व्हर्जनात

साखर पेठेत, पिठाच्या गिरणीच्या वर माझी खोली.
खाली पट्टा फिरायला लागला की टेबल थरथरतं
आणि पडद्यावरची नवरी उगीचच हलते.

कोपऱ्यात तीन आठवडे एक निळी पट्टी बसून आहे
उधारी मागायला आल्यासारखी:
नवीन व्हर्जन आलंय. आत्ता, की नंतर?
मी 'नंतर' दाबतो.
ती जाते, चहा पिऊन परत येते.

विरेश, विजापूर रोडचा, ड्रोनवाला, म्हणतो,
"काय बे अंबादास, अजून त्याच्यावरच?
नवं तांदळासारखा आवाज निवडून देतं बे.
बँड वेगळा, भटजी वेगळा, रडणं वेगळं.
मावशीच्या तोंडावर एकदा बोट ठेव,
अख्ख्या लग्नातली मावशी गोळा करतं."
म्हटलं, मावशीला कोण बघतंय एवढं?
"मावशी बघती."

ह्याला उत्तर नव्हतं.

पण सॉफ्टवेअर आता विकत मिळत नाही,
त्यात भाड्यानं राहायचं.
लग्नं आषाढात थांबतात,
भाडं चातुर्मास पाळत नाही.
वर रॅम, वर कार्ड, वर हा चाळिशीतला मेंदू
ज्याची बोटं अंधारातही कट कुठाय ते सांगतात.

नाना चादरीच्या कारखान्यात पंचकार्डं करायचे.
एका मोराला पुठ्ठ्याची चारशे कार्डं, भोकाभोकानं.
कॉम्प्युटर आला त्या दिवशी मालकानं पोती रद्दीत घातली.
मला वाटलं, नाना रात्री जेवणार नाहीत.
ते दोन भाकरी खाऊन म्हणाले,
"नव्यात मान जास्त गोल येती."

मी त्यांच्याइतका मोठा नाही.

मग मंगळवारी पद्मा गाजुल जिना चढून आली.
लग्न दोन हजार तेराचं, मीच केलेलं.
"भाऊ, तुम्ही कापलेलं ठेवता का?
त्यात आमचे वडील कुठंच नाहीत."

ठेवतो. का ठेवतो, मलाही माहीत नाही.
जुन्या डिस्कवर, जुन्या व्हर्जनात, गाजुल उघडलं.
पंखा बोंबलला, फुलांच्या पाकळ्या उलट्या पडल्या,
आणि बाजूला टाकलेल्या तुकड्यांत नऊ सेकंद:
एक माणूस थेट कॅमेऱ्याकडे येतो,
ओठ हलतात, तळहात लेन्सवर.
काळं.
हातामुळं शॉट खराब, म्हणून काढला होता.

तिनं चार वेळा पाहिलं.
"काय म्हणतायत?"
बँड. नुसता बँड.
जुन्यात जे जे येतं ते सगळं केलं.
बँड थोडा लांब गेला, वडील त्याच्याबरोबरच गेले.

सात दिवस फुकट, असं पट्टी म्हणत होती.
आधी प्रत काढली. नाव दिलं: गाजुल जुनं हात लावू नको.
कारण बारीक अक्षरात लिहिलेलं असतं,
एकदा नव्यात उघडलं की जुनं त्याला ओळखत नाही.
मग 'आत्ता' दाबलं.

पाकळ्यांच्या जागी लाल चौकोन आले, सापडत नाही म्हणून.
मेनू सगळे घर बदललेले.
पण आवाज, विरेश म्हणाला तसाच, निवडला.
सनई एका बाजूला, झांज एका बाजूला,
आणि मधे, अगदी जवळ, मलाच:
"तिन्नावा?"
जेवलास का?

पद्मा हसली, मग हसता हसता पदर तोंडाला लावला.
"हे तर ते बोअरवाल्यालाही विचारायचे."
मी म्हटलं, हात काढता येतो आता नव्यात, चेहरा पूर्ण दिसेल.
ती म्हणाली, "हात राहू दे."

आज फुकटातला पाचवा दिवस.
पट्टी परत आलीय, आता रंग केशरी.
विरेशचे दोन फोन होऊन गेले.
गिरणी थांबली तरी मी बसलोय,
नऊ सेकंद लावून, बँड बंद करून.

त्या दिवशी मी जेवलो होतो की नाही
काही केल्या आठवत नाही.